जुनी गाडी घेताना : खरेदी किंमत आणि 'एकूण' खरेदी किंमत



सहावीला नफा-तोटा शिकवताना एक उदाहरण दरवर्षी फळ्यावर येतंच. दुकानदाराने ४,००० रुपयांचा माल घेतला, टेम्पोचं भाडं ३०० रुपये आणि हमाली १०० रुपये दिली, तर एकूण खरेदी किंमत किती? निम्मा वर्ग ४,००० लिहून मोकळा होतो. गेल्या वर्षी एक मुलगा उभा राहून म्हणाला, "मॅडम, हमाली ज्यानं माल विकला त्याला कुठं दिली? मग ती किमतीत कशाला धरायची?" मी त्याला सांगितलं, पैसे कोणाला दिले ते बघायचं नाही, वस्तू वापरायला मिळेपर्यंत आपल्या खिशातून किती गेले ते बघायचं. त्याला पटलं. आणि त्याच उन्हाळ्याच्या सुट्टीत, २०२५ च्या मे महिन्यात, आम्ही २ लाख १० हजारांना एक जुनी गाडी घेतली आणि मी स्वतः हमाली धरायची विसरले.

म्हणून आजचा लेख. आपल्यातल्या कितीतरी जणांची बदली झाली की शाळा वीस-पंचवीस किलोमीटरवर जाते. पावसाळ्यात दुचाकीवर पोराला पुढं आणि दप्तर मागं घेऊन जाणं किती दिवस करणार? नवीन गाडी परवडत नाही, मग जुनी बघायला लागतो. आमचंही तसंच झालं. साठवलेले २ लाख २५ हजार होते. गाडीचे २ लाख १० हजार दिले की १५ हजार उरतात, त्यात जूनमध्ये मुलीची फी, गणवेश, पुस्तकं भागतील, असा आमचा साधा हिशोब. पुढच्या तीन महिन्यांत गाडीवर आणखी ५२ हजार ९२२ रुपये गेले. पतसंस्थेतून ३८ हजारांचं आकस्मिक कर्ज काढलं, आणि मुलीची फी दोन हप्त्यांत भरली तर चालेल का, हे विचारायला मी दुसऱ्या शाळेच्या ऑफिसबाहेर बाकावर बसले होते. स्वतः शिक्षिका असून त्या बाकावर बसणं काय असतं ते तेव्हा कळलं.

गाडी वाईट निघाली असं मुळीच नाही. छोटी पेट्रोल गाडी, ९९८ सीसी, मार्च २०१२ ची नोंदणी, आजही रोज शाळेला जाते. विकणाऱ्यानंही फसवलं नाही. आम्ही विचारलंच नाही आणि त्यानं सांगितलं नाही, एवढंच. यातला जवळजवळ प्रत्येक खर्च टोकन देण्याआधी कळू शकला असता. टोकन देण्याआधी कळलेला खर्च भावातून कमी करून मागता येतो, नंतर कळलेला आपल्यालाच भरावा लागतो. एका आठवड्याचा फरक आणि पन्नास हजार.

आता एकेक करून सांगते.

सगळ्यात आधी चलन. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यानं फोटो काढला की दंड गाडीच्या नंबरवर चढतो, आणि मालकाला कित्येकदा पत्ताच नसतो. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक टाकले की थकलेली चलनं दिसतात. हे चार अंक आरसी बुकावर असतात, म्हणजे आरसी हातात असताना दोन मिनिटांचं काम. आम्ही ते केलं गाडी घरी आणल्यावर. तीन चलनं, मिळून २,७०० रुपये. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, मला खरंच माहीत नव्हतं, पण आता व्यवहार झाला ना." बरोबरच होतं त्याचं. त्याच वेळी परिवहनच्या 'वाहन' संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विमा कधीपर्यंत आहे, नोंदणी कधीपर्यंत आहे आणि कुठल्या बँकेचा बोजा आहे का हेही बघून घ्या. बोजा दिसत असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. कर्ज फिटलेलं असतं, पण बोजा उतरवायचा राहून गेलेला असतो, असं पुष्कळ गाड्यांचं असतं. तो उतरवायचा खर्च आणि हेलपाटे विकणाऱ्याचे, आपले नव्हेत, हे आधीच बोलून घ्यावं.

मग नावावर करणं. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, विमा, पीयूसी, आधार वगैरे कागदं. बोजा नसेल तर यातली सरकारी फी हजार रुपयांच्या आतच बसते. पण आमच्याकडे सगळे एजंटकडे देतात, तसं आम्हीही दिलं आणि ३,५०० गेले. रजा टाकून दोन चकरा मारायची तयारी असेल तर हे पैसे वाचतात. मी यापुढे मारीन. (रजेचा हिशोब वेगळा, तो आपल्या मुख्याध्यापकांना विचारा.)

नावावर करायचं काम "करू नंतर" म्हणून ठेवायचं नाही, हे मात्र ठासून सांगते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं. आपली जुनी गाडी विकणाऱ्या पालकांनी तर हे जास्त लक्षात ठेवावं. गाडी कुणाच्या ताब्यात आहे यापेक्षा आरसीवर नाव कुणाचं आहे, यावर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी ठरते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं. त्या खटल्यात गाडी एकामागून एक बऱ्याच हातांत गेली होती आणि आरसीवर पहिल्याचंच नाव राहिलं होतं. भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली. स्टॅम्प पेपरवर करार केलाय, ताबा पावती आहे, एवढ्यावर निर्धास्त राहणारे आपल्या ओळखीत चार तरी असतील.

उंच सुरक्षेची नंबर पाटी, म्हणजे आपण एचएसआरपी म्हणतो ती. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना ती नव्यानं बसवावी लागते आणि ती नसेल तर आरटीओतली कामं अडतात. चारचाकीला ७४५ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये १० पैसे. रक्कम छोटी आहे, पण पाटीची तारीख मिळून ती बसेपर्यंत आमचं नावावर करायचं काम तीन आठवडे थांबलं. विकणाऱ्यानं आधीच बसवलेली असेल तर उत्तम.

आता विमा. इथं थोडं थांबू या, कारण हा भाग मलाही तीनदा समजावून घ्यावा लागला.

विम्याच्या हप्त्याचे दोन मुख्य भाग असतात. एक, आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीचा, ज्याला थर्ड पार्टी म्हणतात. याचा दर सरकार ठरवतं. जून २०२२ पासून लागू झालेल्या दराप्रमाणे १,००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ आणि त्यावरच्या गाडीला ७,८९७, वर जीएसटी. दुसरा भाग आपल्याच गाडीच्या नुकसानीचा. विमा घेणाऱ्यानं वर्षभर दावा केला नाही तर पुढच्या वर्षी या दुसऱ्या भागात सूट मिळते. पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. याला नो क्लेम बोनस म्हणतात.

लोक इथंच फसतात. हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो. आपल्या वर्गात एखाद्या मुलाची हजेरी शंभर टक्के असली म्हणून त्याच्या बाकावर पुढच्या वर्षी बसणाऱ्याची हजेरी शंभर टक्के धरत नाही ना, तसंच. विकणारा सांगतो, "विम्याला फक्त साडेचार हजार येतात." त्याला येतात, तुम्हाला नाही येणार. आमचंच बघा. गाडीच्या नुकसानीचा भाग ३,६०० रुपये होता. जुन्या मालकाला ५० टक्के बोनस, म्हणून १,८००. अधिक थर्ड पार्टी २,०९४. बेरीज ३,८९४, त्यावर जीएसटी धरून साधारण ४,५९५. मला बोनस शून्य, म्हणून ३,६०० अधिक २,०९४ अधिक मालक-चालकाच्या अपघात विम्याचे २७५, बेरीज ५,९६९, जीएसटी धरून ७,०४३. पाचवी-सहावीच्या शेकडेवारीला हे उदाहरण जसंच्या तसं घालता येईल. मी घातलंय.

चालू विमा शिल्लक असेल तरी तो आपोआप पूर्ण आपला होत नाही. कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतं, पण विमा कंपनीकडे नाव बदलायचा अर्ज १४ दिवसांत करायचा असतो, आणि तो केला नाही तर गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. नाव बदलताना जुन्या मालकाच्या बोनसचा उरलेल्या मुदतीपुरता फरकही कंपनी आपल्याकडून घेते. आणि तुमचीच आधीची गाडी विकून दुसरी घेत असाल तर उलट फायदा आहे. आपला बोनस विमा कंपनीकडून लिहून घ्या, तो नव्या गाडीच्या विम्याला लावता येतो. ३ वर्षांच्या आत वापरायचा असतो.

फास्टॅगचं थोडक्यात. जुन्या मालकाला त्याचा टॅग बंद करायला सांगा आणि तो बंद झाल्याची खात्री करा. नाहीतर आपण टोल ओलांडतो आणि पैसे त्याच्या खात्यातून जातात, किंवा एका गाडीला दोन टॅग दिसल्यामुळे आपला नवा टॅग चालूच होत नाही. नवीन टॅग आणि सुरुवातीचा भरणा मिळून आमचे ५०० गेले. पीयूसी शे-दीडशेचं काम, पण ती संपलेली असली तर कागद अडतो.

कागदांचं एवढं. आता गाडीचं.

टायरपासून सुरुवात करा, कारण टायर वाचता येतात. टायरच्या बाजूवर 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, तिच्या शेवटी चार अंक असतात. पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ लिहिलं असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. मुलांना घेऊन शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांचे टायर वाचायला लावा, मजा येते. एका मुलीनं आमच्या केंद्रप्रमुखांच्या गाडीचे दोन टायर एका वर्षाचे आणि दोन दुसऱ्या वर्षाचे आहेत हे शोधून काढलं होतं. आमच्या गाडीचे चारही टायर सात वर्षांचे होते. नक्षी दिसत होती म्हणून आम्ही खूश, पण रबर कडक होऊन बारीक भेगा पडल्या होत्या. टायरवाला म्हणाला, "पावसाळ्यात ब्रेक मारला की घसरणार." रोज पोरं घेऊन घाटातून जायचं, त्यामुळे विचार केला नाही. चार टायर १३,६०० आणि व्हील अलाइनमेंट, बॅलन्सिंगचे १,०००. बॅटरीवरही तारीख असते, तीही बघा. आमची जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळेचा पहिला दिवस संपल्यावर, शाळेच्या दारातच गेली. ४,२०० रुपये.

टायर आणि बॅटरी कुणालाही बघता येते, क्लच नाही बघता येत. तिथं आपला मिस्त्री लागतो. आपला म्हणजे विकणाऱ्याच्या ओळखीचा नव्हे. पाचशे रुपये द्यावेत, त्यानं गाडी चढावर चालवून बघावी, खालून बघावी, खडबडीत रस्त्यावर आवाज ऐकावा. आम्ही हे केलं नाही कारण माझे मिस्टर म्हणाले, "मला कळतं गाडीतलं." (हा लेख तेही वाचणार आहेत.) क्लच प्लेट घासलेली होती, तिचे मजुरीसह ८,५०० झाले. पुढच्या सस्पेन्शनचे बुश आणि लोअर आर्म गेले होते, ४,८००. ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक पॅड अशी पहिली सर्व्हिस ६,२००. ही पहिली सर्व्हिस मात्र प्रत्येकानं खर्चात धरावीच. मागच्यानं ऑइल कधी बदललं यावर विश्वास ठेवून चालवण्यापेक्षा आपण बदललेली तारीख वहीत लिहून ठेवलेली बरी. डिझेल गाडी बघत असाल तर मिस्त्रीला इंजेक्टर आणि टर्बोबद्दल मुद्दाम विचारा, कारण तिथली दुरुस्ती पेट्रोल गाडीच्या कितीतरी पट महाग पडते. आणि टायमिंग बेल्टची गाडी असेल तर बेल्ट कधी बदलला हे विचाराच. तो चालता चालता तुटला तर पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्हच वाकतात.

सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांसाठी एक जादा गोष्ट. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या आणि धुऊनपुसून पुन्हा बाजारात आल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून बघा. वरचा भाग धुतलेला असतो, पण आत गुंडाळलेल्या टोकावर चिखलाचा डाग राहतो. स्टेपनीच्या खळग्यात हात घालून बघा, सतरंजी उचलून वास घ्या. अशा गाडीच्या वायरिंगवर किती खर्च होईल ते कुणीच सांगू शकत नाही, तेव्हा ती कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी, असं माझं मत.

स्वस्त म्हटलं की दिल्लीच्या गाड्या आठवतात. दिल्ली आणि आसपासच्या भागात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन निर्बंध आले, त्यामुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येऊ लागल्या. आमच्या एका सहकाऱ्यानं अशीच एक बघितली होती. फोटोत चकाचक, भाव इथल्यापेक्षा साठ हजारांनी कमी. पण परराज्यातली गाडी घेताना तिकडच्या कार्यालयाचा ना हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, लागतो. १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथं ठेवायची तर एमएच नंबर घ्यावा लागतो, आणि महाराष्ट्राचा कर नव्यानं भरावा लागतो. तिकडे भरलेल्या कराचा परतावा तिकडच्या कार्यालयात वेगळा अर्ज करून मागायचा. गाडी आणायचा खर्च वेगळाच. सहकाऱ्यानं वहीवर मांडलं तेव्हा साठ हजारांतले जेमतेम काही उरत होते, आणि मिस्त्रीनं गाडी बघितलेलीच नव्हती. त्यांनी नाद सोडला.

डीलरकडून घेणाऱ्यांना एक शंका असते की पूर्ण किमतीवर जीएसटी लागतो का. नाही. नोंदणीकृत व्यापारी जुनी गाडी विकतो तेव्हा जीएसटी त्याच्या खरेदी-विक्रीतल्या फरकावर असतो, १८ टक्के, आणि २०२५ पासून लहान गाड्यांनाही तोच दर आहे. माणसानं माणसाला स्वतःची वापरातली गाडी विकली तर जीएसटीचा प्रश्न नाही. तेव्हा कुणी बिलात पूर्ण किमतीवर १८ टक्के लावून दाखवत असेल तर उठून या. बँकेचं कर्ज घेणार असाल तर जुन्या गाडीला व्याज नव्यापेक्षा जास्त असतं, शिवाय प्रोसेसिंग फी आणि आरसीवर बोजा चढवायची फी, चारचाकीला १,५०० रुपये, हेही धरा.

आमची बेरीज वहीतून उतरवते. नावावर करणं ३,५००, पाटी ८७९, चलनं २,७००, विमा ७,०४३, टायर आणि अलाइनमेंट १४,६००, बॅटरी ४,२००, क्लच ८,५००, सस्पेन्शन ४,८००, सर्व्हिस ६,२००, फास्टॅग ५००. एकूण ५२,९२२. म्हणजे २ लाख १० हजारांच्या गाडीवर चौथा हिस्सा आणखी. यातले ३३,४२२ रुपये बॉनेट न उघडता, नुसते कागद आणि टायर वाचून कळले असते. उरलेले १९,५०० मिस्त्रीनं अर्ध्या तासात सांगितले असते. प्रत्येकाची बेरीज वेगळी येईल, गाडी चांगली ठेवलेली असेल तर पंधरा-वीस हजारांतही भागेल. पण गाडी बघायला जाताना ही यादी कोरी लिहून न्या आणि विकणाऱ्यासमोर बसून भरा. आमच्याच शाळेतल्या एका मॅडमनी दिवाळीत तसं केलं. टायर आणि विमा दाखवून त्यांनी २२ हजार कमी करून घेतले, आणि विकणाऱ्यालाही राग आला नाही, कारण आकडे त्याच्या डोळ्यांसमोरच मांडले होते.

एक खर्च अजून यायचा आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे आमची मार्च २०२७ ला संपते. त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून चारचाकीची ही फी ५,००० रुपये झाली आहे, शिवाय महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कर, आणि गाडी तपासणीत पास व्हावी म्हणून जी दुरुस्ती करावी लागेल ती. मुदत उलटली तर महिन्याला ५०० रुपये दंड. तेरा-चौदा वर्षांची गाडी बघत असाल तर हे भावातच धरून बोला. आम्ही धरलं नव्हतं, म्हणून जुलै २०२५ पासून पतसंस्थेत महिना ५०० ची आवर्त ठेव सुरू केली आहे. फेब्रुवारी २०२७ पर्यंत २० हप्ते होतात.